माझ्याच मुलीविरुद्धचा अर्ज

“लिवता-वाचता येत न्हाई, पण फळा पुसायला हिच्यासारखी कोण न्हाई. रक्तातच हाय!”

मुख्याध्यापक हे पालकसभेत, भर वर्गात बोलले. माझी मुलगी फळ्याजवळ उभी होती. वय नऊ, इयत्ता चौथी. हातात फडके, केसांवर खडूची भुकटी. फळ्यावरचा धडा तिला वाचता आला नाही, म्हणून तो पुसण्याचे काम तिला दिले होते. रोजच देत होते. ऊसवाले बागायतदार पालक खो-खो हसले. एकाने तर मांडीवर थाप मारली. आणि माझी मुलगीही हसली. तिला वाटले, आपले कौतुक झाले.



मी इस्लामपूरच्या तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. शिक्षण सातवी, तेही अर्धवट. परंतु वाळवा तालुक्यात माझ्या मसुद्याला तोड नाही, हे नम्रता बाजूला ठेवून नमूद करतो. आमचे गाव आष्ट्याजवळ. माझ्या आज्याने धम्म स्वीकारला आणि गावकीचा खराटा फेकून दिला. एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर शाळेने त्याच्या पणतीच्या हाती फडके दिले.

सभा उठली. मुख्याध्यापकांनी मला थांबवून घेतले. आवाजात तूप होते.

“बसा. तपासणी आलीया. हिच्यापायी वर्गाचं नाव जातंय. तुमीच एक अर्ज द्या, नाव काढून घेतो म्हणून. तुमच्यासारखा मसुदा तालुक्यात कोण करतंय?”

कोरा कागद त्यांनी पुढे सरकवला. आणि मी पेन काढले. साहेबाने कागद सरकवला की अर्जनविसाचा हात चालू लागतो. काय लिहितो आहोत हे डोक्याला मागाहून कळते. मी लिहीत गेलो. अक्षर मोत्यासारखे. वाक्य चोख.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. सही-अंगठ्याआधी मसुदा मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या नियमाने मी वाचला:

“सदर मुलगी बुद्धीने मंद असून तिला अक्षरओळख होणे अशक्य आहे. सबब तिचे नाव पटावरून कमी करण्याची मेहेरबानी व्हावी.”

दारात मुलगी माझी वाट पाहत उभी होती. तिने ते सगळे जसेच्या तसे म्हणून दाखवले. एका दमात. एक शब्द गळला नाही. ‘सबब’च्या आधी मी घेतलेला श्वासही तिने घेतला. मग म्हणाली,

“आवं आबा, सदर मुलगी म्हंजे कोण वं?”

मुख्याध्यापक खदखदून हसले. “बघा! पोपट हाय नुसता!”

तेव्हा मला आठवले. विहारात पौर्णिमेला ही पोर अख्खी वंदना तोंडपाठ म्हणते. कोणी शिकवली? कोणी नाही. ऐकून आली. चार वर्षे हे गृहस्थ तिला फळ्याकडे बघायला लावत होते, आणि ती कानाने शिकणारी होती. मला त्यांच्या हसण्याची किळस आली. त्याहून जास्त माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षराची.

मी कागद फाडला.

“पोपट न्हाई गुरुजी. ही कानानं शिकती. तुमी कानाला काय दिलंच न्हाई.”

“सातवीतनं पळालेला मानूस मला शिकवतोय व्हय?”

“व्हय. शिकवतोय.”

त्या संध्याकाळी तिच्या आईने परातीत ज्वारीचे पीठ पसरले. मग रोज मुलगी वंदनेचा एकेक शब्द म्हणायची, मी तो पिठात लिहायचो, ती त्यावरून बोट फिरवत पुन्हा म्हणायची. कानातला शब्द बोटात उतरू लागला. पीठ सांडले. आई करवादली, “भाकरी कशाची थापू आता, अक्षराची?” पण परात तिने उचलली नाही. शेजारचा एक पोरगा जागेवर ठरत नसे. त्याच्यासाठी अंगणात राखेने हत्तीएवढा ‘क’ काढला आणि त्यावरून त्याला पळवले. पळता पळता त्याला ‘क’ आला. मुख्याध्यापकांच्या कानी हे गेले. ते पारावर म्हणाले, “म्हारवाड्यात तमाशा सुरू झालाय.”

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गातून मुलीकडे निरोप दिला, “उद्या ताप आलाय म्हणून घरीच ऱ्हा.”

मी तिला स्वतः घेऊन गेलो. पहिल्या रांगेत बसवले. मुख्याध्यापकांचा चेहरा आंबलेल्या ताकासारखा झाला. तपासणीच्या साहेबांनी पुस्तक तिच्यापुढे धरले. ती ओठ हलवत, बोट फिरवत वाचू लागली. दोन ओळी वाचल्या. तिसरीत अडकली. पाठीमागे कोणीतरी फिसकन हसले.

साहेब म्हणाले, “अडखळते हो ही.”

मुख्याध्यापक लगबगीने पुढे झाले. “तेच म्हणतोय साहेब. बाहेर बसवू का?”

“अडखळंल,” मी म्हणालो. “पन वर्गातच अडखळंल.”

आणि मी खाली, पोरांच्या रांगेत, तिच्या शेजारी मांडी घालून बसलो. पांढऱ्या धोतरासकट, धुळीत.

माझ्या वस्तीतले कोणतेही मूल कानाने शिकेल, हाताने शिकेल, पळता पळता शिकेल. ते शाळेतच शिकेल. त्याला उठवायला जो येईल, त्याने आधी मला उठवून दाखवावे.