गोणीतल्या चपला

मुदखेडला आमच्या घरी रविवारी सकाळी आम्हा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना होते. पंधरा-वीस माणसं येतात. मध्यंतरी कुणीतरी दाराबाहेरच्या चपलांचा फोटो काढला आणि तो गावभर मोबाइलवर फिरला. तेव्हा मी नियमच केला: चपला दाराआडच्या गोणीत टाकायच्या, खिडक्या लावायच्या, गाणी हळू म्हणायची. आणि मग मी, शाळामास्तर, घसा खाकरून सांगायचो, प्रभूची साक्ष द्यायला घाबरू नका. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

जवळच्या खेड्यातली एक शेतकरी घरची सून यायची. नांदेडच्या दवाखान्यात ती महिनाभर पडून होती, तेव्हा माझी बायको तिला डबा द्यायची आणि उशाशी बसून प्रार्थना करायची. बरी झाली तशी ती आमच्याकडे येऊ लागली.

एका रविवारी तिनं चपला पायरीवर नीट जोडून ठेवल्या.

"ताई, आत घ्या," मी म्हणालो.

"कामून भाऊ? चोरी करून राहिलो का आपण?"

"घरी कळलं तर?"

"म्या सांगूनच आले. सासूला, दोघं दिरांला. कुणाची प्रार्थना करते, ते बी सांगितलं."

मला तिचा रागच आला. हिच्यापायी आम्ही सगळे गोत्यात येणार, असं वाटलं. मी उठलो आणि तिच्या चपला स्वतः गोणीत टाकल्या.

मंगळवारी स्टेशनसमोर चहा पीत होतो. तिच्या गावचा एक ओळखीचा माणूस शेजारी येऊन टेकला. आवाज अगदी गोड.

"सर, रविवारी लई गर्दी असती म्हणं. प्रार्थना असती का?"

"छे हो. पाहुणे असतात."

"आसं का? तिचे दीर इचारत होते. सांगतो त्यांला." तो हसला आणि माझ्या चहाचेही पैसे देऊन गेला. पुढचे चार दिवस गल्लीत मोटारसायकल थांबली की मी पडद्याआडून बघायचो.

पुढच्या रविवारी ती उशिरा आली. अनवाणी. टाचा फुटल्या होत्या, गालावर वळ होता. दिरांनी चपला विहिरीत टाकल्या होत्या. आज गेलीस तर परत येऊ नको, असं बजावलं होतं.

"मार खाल्ला त्याचं काही न्हाई भाऊ," ती म्हणाली. "पण ते म्हणले, सर तर म्हणतेत पाहुणे असतेत. तूच खोटारडी. तुमी आसं म्हणले का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी "हो" म्हणालो. मग गोणी उचलली, पायरीवर रिकामी केली आणि खिडक्या उघडल्या. वळणावर दोन मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला. बायकोनं तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि मी बायबल मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.