सर्व्हरचं बारसं

बाळांनो, आमच्या नांदेडच्या वाचनालयात संगणक अडले की एक गृहस्थ येतात. चपला दाराबाहेर काढतात आणि यंत्राला हात लावण्याआधी माणसांची चौकशी करतात.

दसऱ्यानंतर वाचनालयातले सगळे संगणक सर्व्हरशी जोडले जाईनात. मी वर्षभर बसून भरलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्याच सर्व्हरमध्ये होत्या. ते गृहस्थ आले तेव्हा ग्रंथपालबाई त्यांना म्हणाल्या, "पुसून नव्यानं इन्स्टॉल करा." मी म्हटलं, "माझं वर्षभराचं काम जाईल हो."

गृहस्थांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "पुसायचं मग बघू. सुट्टीआधी काय केलं, बाई?"

"काही नाही हो. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा केली, अन् सेटिंगमध्ये त्याचं नाव बदलून शारदा ठेवलं."

"हाव का? बारसं केलं, पण पाहुण्यांना सांगितलंच न्हाई. हे बिचारे संगणक जुन्याच नावानं हाका मारून राहिले."

जुनं नाव परत दिलं असतं तर काम लगेच संपलं असतं. पण ते म्हणाले, "पूजेत ठेवलेलं नाव काढू न्हाई," आणि एकेका संगणकात नवं नाव भरत बसले.

माझी पुस्तकं पडद्यावर दिसू लागली, तेव्हा ते सर्व्हरकडे वळून हळूच म्हणाले, "शारदाबाई, सलाम."