परदेशी पोरांचं कपाट

सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात चारुलताबाई आगाशे ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांचा एकही केस पांढरा नव्हता. आता काळा शोधावा लागे. मधल्या काळात कॉलेजातल्या कुणाहीबद्दल त्यांनी आपलं मत चांगलं होऊ दिलं नव्हतं.

मुलं ग्रंथालयात यायची ती पंख्याखाली बसायला आणि मोबाईल चार्जिंगला लावायला. प्राध्यापक फुकटचा पेपर वाचायला यायचे आणि जाताना पुरवणी खिशात घालायचे. अध्यक्षांचे चिरंजीव वीरधवल नवे संचालक झाले, तेव्हा एकदाच डोकावले आणि ‘इथं कॅफे झकास होईल’ एवढं बोलून गेले. चारुलताबाई वाईच्या. त्यांच्या माहेरी जेवणाच्या ताटावर पुस्तकांवरून वाद व्हायचे. या सगळ्यांकडं त्या चष्म्याच्या वरून बघायच्या. दुपारी दार लोटून डबा खायच्या आणि मनात म्हणायच्या, ‘यांना कशाला हवीत पुस्तकं?’

तपासणी समिती येणार असं कळलं आणि वीरधवल कुठल्याशा परिषदेतून एक कल्पना घेऊन आले.

“मॅडम, आपल्याकडं टांझानिया, येमेन, नेपाळची पोरं आहेत. त्यांना विचारायचं, त्यांच्या देशातली कुठली पुस्तकं आपण घ्यावीत. वेगळं कपाट करायचं. ‘जागतिक दालन’. फोटो जबरदस्त येतील.”

“आणि वाचणार कोण?” चारुलताबाईंनी विचारलं.

“ते नंतरचं नंतर बघू.”

चारुलताबाईंनी पोरांना एकेक करून बोलावलं. अपेक्षा काहीच नव्हती, आणि पोरांनी ती पुरी केली. एकानं परदेशी नोकरीच्या मुलाखतीचं गाईड सांगितलं. दुसऱ्यानं कोडिंगचं, तेही फुकट डाउनलोड होणारं. एकजण ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून मेसकडं पळाला. बाईंना एक प्रकारचं समाधान वाटलं. म्हणजे जगात सगळीकडं हेच तर!

शेवटी टांझानियाची नीमा आली. सांगलीत तिसरं वर्ष, हिंदी आणि मराठीची मिसळ करून बोलायची. तिनं स्वाहिलीतल्या एका कादंबरीचं नाव सांगितलं. बंदरावरच्या हमालांची गोष्ट होती.

“चांगली आहे?”

“माहीत नाही, मॅडम. आधी, म्हणजे अर्धी वाचली. शाळेच्या पुस्तकात मागची पानं नव्हती. कुणीतरी फाडली. पुढे काय झालं, मला पाहिजे.”

“अर्धवट वाचलेलं पुस्तक कुणी सुचवतं का?” बाई फटकन म्हणाल्या.

“म्हणून तर सुचवते,” नीमा म्हणाली आणि निघून गेली.

बाईंनी नावं वर पाठवली. वीरधवलनी ती वाचलीसुद्धा नाहीत. स्वाहिली आणि अरबी पुस्तकं मागवायला वेळ कुठाय, म्हणून त्यांनी ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याला, बाळासोंना, फोन केला. बाळासोंनी टेंपो पाठवला. चटकन श्रीमंत कसं व्हावं, कुणालाही काहीही कसं विकावं, पहाटे उठून जग कसं जिंकावं, असली सगळी पुस्तकं. कागद पातळ, अक्षर मोठं आणि मुखपृष्ठावर दात दाखवणारा माणूस.

“आवं मॅडम, ही तर बसस्टँडवर मिळत्यात,” शिपाई नाथाजी गठ्ठे सोडताना म्हणाला. “ह्यात परदेशी काय हाय?”

“दात,” बाई म्हणाल्या.

ऑफिसातून छापील पट्ट्या आल्या. प्रत्येकीवर एका परदेशी विद्यार्थ्याचा फोटो आणि खाली ‘माझी शिफारस’. बाईंनी त्या मुकाट चिकटवल्या. वीरधवल मूर्ख, बाळासो लुच्चा, समिती आंधळी. मग आपण कशाला जीव आटवायचा, असा त्यांचा हिशेब होता. उद्घाटनाला पोरांना फेटे बांधले. येमेनच्या यासीनला तर लेझीम हातात देऊन नाचवलं. बाई मागच्या रांगेत उभ्या राहून तुच्छतेनं हसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर नीमा कपाटापाशी गेली. दात दाखवणाऱ्या माणसाशेजारी तिचा स्वतःचा फोटो होता. ती पुस्तक घेऊन काउंटरवर आली.

“हे मी नाही सांगितलं.”

“मला माहीत आहे.”

“मग पट्टी कुणी लावली?”

“मी. वरून सांगितलं होतं.”

नीमानं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. ती नजर बाईंच्या चांगलीच ओळखीची होती. इतकी वर्षं त्यांनीच ती प्राध्यापकांकडं, पोरांकडं, वीरधवलकडं टाकली होती. समोरून येताना ती कशी लागते, हे त्यांना आज कळत होतं. नीमा पुस्तक काउंटरवर ठेवून गेली. उलटं.

समिती आली. ग्रंथालयात फिरकलीच नाही. संचालकांच्या केबिनमध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी खात तिनं जागतिक दालनाचे फोटो पाहिले आणि वाखाणणी करून गेली.

दुसऱ्या दिवशी भर वर्दळीच्या वेळी बाईंनी ओलं फडकं घेतलं आणि पट्ट्या खरवडून काढायला सुरुवात केली. नाथाजी घाबरला. “मॅडम, सायेब बगतील की वं!”

“बघू दे. त्यांनी ग्रंथालयात काहीतरी बघितलं असं तरी होईल.”

वीरधवल खरंच आले. “हे काय चाललंय?”

“ही पुस्तकं या पोरांनी सुचवलेली नाहीत.”

“कुणाला कळतंय ते?”

“मला.”

छोट्या खरेदीचा अधिकार ग्रंथपालाला होताच. बाईंनी तो कधी वापरला नव्हता, कारण या कॉलेजात त्या लायकीचं कुणी नाही असं त्यांचं पक्कं मत होतं. आता वापरला. कादंबरी बरीच हिंडत, खोक्याचे कोपरे चेपून आली. नीमानं ती नेली आणि आठवड्यात परत आणली.

“कशी वाटली?”

“शेवट फालतू, मॅडम. सगळे हमाल एकदम शहाणे होतात.”

“असं होत नसतं,” बाई म्हणाल्या.

“नाही होत,” नीमा म्हणाली, आणि दोघी बराच वेळ त्या लेखकाला नावं ठेवत बसल्या.

महिनाभरात बदलीचा कागद आला: संस्थेची विट्याची शाखा. वीरधवलना वाटलं, बाईंची खोड मोडली. तिथं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, आणि परदेशी तर कुणीच नाही. पण विट्याची माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली. क्रांती नावाची एक मुलगी मदुराईत वाढली होती, बापाचं दुकान तिथं. मराठी ती अडखळत वाचायची, तमिळ मात्र घडाघडा.

“तुला कुठलं पुस्तक हवंय?” बाईंनी तिला विचारलं.

तिनं एका तमिळ रहस्यकथामालेचं नाव घेतलं. गोष्ट काय ते बाईंनी तिच्याकडून ऐकून घेतलं. तीन खून, एक जुळा भाऊ आणि बोलणारा पोपट.

“इतकं टुकार मी आयुष्यात ऐकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि मालेतला पहिला भाग कुठं मिळेल ते विचारायला त्यांनी फोन उचलला.