कापसाच्या खोलीतलं मूलाधार

माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं बरेच दिवस मला मेलेली समजत होती.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमची ऋतू आणि तो मुलगा हैदराबादेत एकाच ऑफिसात कामाला. दोघांनी आपसांत ठरवलं आणि मुलाने आपल्या गावी, मुधोळला जाऊन आईवडिलांना मोबाईलवर ऋतूचे फोटो दाखवले. वाढदिवस, पोळा, कॉलेजातला निरोप, नव्या मोटरसायकलची पूजा. सगळीकडे ऋतू आहे, तिचे बाबा आहेत, आमचा बैलसुद्धा आहे. मी कुठेच नाही! अगदी डोळे फाडून पाहिलं तर एका फोटोत दाराआड माझा पदर दिसतो आणि दुसऱ्यात आरतीचं ताट धरलेला एक हात. तेवढ्यावरून बाई जिवंत आहे असं कोण म्हणेल?

मग एका संध्याकाळी होणाऱ्या विहीणबाईंचा फोन आला. तो यांनी उचलला. (हे म्हणजे ऋतूचे बाबा. आदिलाबादकडच्या बेला गावात आमची कापसाची शेती आहे.) पलीकडून विहीणबाई अगदी जड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, पोरीले माय नाई याचं काही दुःख करू नका. आमी माया लावू तिले."

हे चक्रावले. "माय नाई? हाय ना बाप्पा! आत्ताच तर मले बोलली, आंघोळ काऊन नाई केली म्हणून!"

मी चुलीपाशी पोट धरून हसले. ऋतूला फोन लावून तिलाही हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"आई, लोकं मले बिनमायची समजून राह्यले, आन् तू हासून राह्यली? माह्यापाशी तुह्या संग एक फोटो नाई. एक बी नाई! साक्षगंधाच्या फोटोत तू मधात उभी राह्यशीन, माह्या बाजूनं. नाईतर मी फोटोच काढत नाई."

साखरपुड्यासाठी ही अट घालून तिने फोन बंद केला. मी तव्यावरची भाकर पार जळेपर्यंत तशीच बसून राहिले.

फोटोशी माझं वैर जुनं आहे. माझ्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा यांची एक आतेबहीण मोठ्याने म्हणाली होती, "नवरीच एवढी भरली, आमी कोठी मावाव?" सगळा मांडव हसला. मीही हसले, नवरीने रागवायचं नसतं ना! पण त्यानंतर कुणी कॅमेरा काढला की मला स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचा वास यायला लागला. चुलीवर काही नसलं तरी यायचा. आणि गंमत म्हणजे मी शिलाईवाली! अर्ध्या बेल्याचे ब्लाऊज मी शिवते. टेप लावताना एखादीने पोट आत ओढलं की मी तिच्यावर डाफरते, "श्वास सोडा वैनी! माप म्हंजे माप, त्यात लाज कायची?" स्वतःचं माप मात्र मी अंदाजाने घेते. तो अंदाजही लग्नाच्या वर्षीचा आहे.

ऋतूने माझ्यासाठी मोबाईलवरचा एक वर्ग लावून दिला. हैदराबादच्या कुणी मॅडम होत्या. योग आणि ध्यान करून स्वतःला स्वीकारायचं, असा विषय. मला वाटलं, स्वीकारायला काय लागतं, मी काय पार्सल आहे? पण पोरीने पैसे भरले होते, आणि तिचा तो फोनवरचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

मॅडम हिंदीत बोलायच्या, फार गोड. पहिला धडा मूलाधार चक्राचा. हे चक्र पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी असतं, रंग लाल, तत्त्व पृथ्वी. घराला जसा पाया तसं माणसाला मूलाधार, आणि पाया हलला की माणूस स्वतःला लपवत फिरतो, असं त्या म्हणाल्या. तेव्हा मात्र मी पदर सावरून ताठ बसले. ही बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलते आहे आणि हिला सगळं माहीत आहे! लाल कापडावर मांडी घालायची, कणा सरळ, तोंडाने 'लं' म्हणायचं आणि मनात म्हणायचं, मी जशी आहे तशी पूर्ण आहे. लाल कापड घरात होतंच, अस्तराचं. पूर्ण तर मी होतेच, थोडी वरच!

प्रश्न एवढाच की बसायचं कुठे? त्या दिवसांत आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता. भाव वाढेल म्हणून यांनी तो विकलाच नव्हता. बैठकीत अर्ध्या भिंतीपर्यंत आणि मागच्या खोलीत थेट स्लॅबपर्यंत ढीग. आमच्याकडे सगळेच असा भरून ठेवतात. पाहुण्याला "बसा" म्हणण्याआधी कापूस सरकवावा लागतो. दार लावता येईल अशी खोली ती मागचीच. दार आणि ढीग यांच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. म्हणजे, बारीक माणूस. मी बसले ती अर्धी कापसात.

सुरुवातीला काहीच झालं नाही, पाय तेवढे झोपले. मग एका सकाळी मॅडमनी विचारलं, "नीचे कुछ महसूस हो रहा है? गरमाहट? झनझनाहट?"

मी डोळे मिटून लक्ष दिलं. आणि खरंच की! कण्याच्या बरोबर टोकाशी गरम गरम, मुंग्या, झिणझिण्या!

"हो रहा है मॅडम!" मी ओरडले. "बहुत हो रहा है!"

मॅडम हरखल्या. "देखिए सब लोग! बेला की सुनंदाजी को देखिए! इतनी जल्दी किसी का नहीं होता!" पडद्यावरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता खरं सांगते. कापूस घरात जुना झाला की त्यात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, हे बेल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. दरवर्षी मीच घरभर ओरडत फिरते, "कापसात लोळू नका रे!" पण त्या दिवशी ते सगळं ज्ञान कुठे गेलं कोण जाणे. माझ्या शरीराचा जो भाग मी जन्मभर पदराआड झाकत आले, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिली होती. एवढ्या बायकांत तो पहिला आला होता! अशा वेळी त्या झिणझिण्यांना खाज म्हणायला कुणाची जीभ उचलेल?

पुढे ती शक्ती वर चढायला लागली. कमरेत आली, पाठीत आली. मॅडम म्हणाल्या, याला लोकांना वर्षं लागतात. मी ब्लाऊजच्या आत मागून हात घालत नम्रपणे मान हलवली.

शेजारच्या शोभाबाईला राहवेना. "सुनंदे, काय करून राह्यली वं तू, दार लावून?"

"चक्र जागं करून राह्यली."

"मंग माहं बी कर. दुखते काय?"

"नाई, नुसती झिणझिण होते."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई आली आणि दोन जावांनाही घेऊन आली. आम्ही चौघी कापसात रुतून 'लं, लं' करायला लागलो. बाहेरून हे ओरडले, "हळू म्हणा वं! बैल बिचकून राह्यला!" आणि काय सांगू, आठवड्याच्या आत चौघींचीही चक्रं जागी! शोभाबाई तर उभी राहून दाराच्या चौकटीला पाठ घासत म्हणाली, "होऊन राह्यलं वं माय! भल्लं होऊन राह्यलं!"

पण त्या खोलीत आणखीही काही झालं, ते हसण्यावारी नेता येत नाही. डोळे मिटून बसल्यावर बायका हळूहळू बोलायला लागल्या. शोभाबाई अशी काटकी, तिचा मला जन्मभर हेवा. ती म्हणाली, "मले सगळे कापसाची वाळलेली पऱ्हाटी म्हणत. मी उन्हाळ्यात बी दोन परकर घालून फिरे, भरलेली दिसाव म्हणून." तिच्या थोरल्या जावेच्या कोपरावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. इतक्या वर्षांत मी तिला लांब बाहीचे ब्लाऊज शिवून दिले, पण का म्हणून कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं लपते ती मी एकटीच. इथे तर सगळी गल्लीच लपून बसली होती. त्या दिवशी माझं मन फार हलकं झालं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी दुपारी माझा धीर सुटायला लागला. म्हटलं, जरा जास्त वेळ बसू, पाया पक्का करून घेऊ. बसले, आणि कामाच्या शिणाने डोळा लागला. कलंडले ती तोंडावर, कापसात. उठले तेव्हा डोळे उघडेनात. ओठ सुजलेले, गालांवर, कपाळावर, नाकावर लाल लाल ठिपके! तेवढ्यात ऋतू हैदराबादेहून दारात येऊन उभी.

"आई! हे काय झालं?"

हे मागून आले, पाहिलं आणि म्हणाले, "खाज होय ते, कापसाची. कापसात काऊन झोपली वं तू?"

झालं! जे मला ठाऊक होतं आणि जे मी स्वतःलाही कळू देत नव्हते, ते यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. माझं मूलाधार जागच्या जागी बसलं.

सकाळी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केली, खोबरेल चोपडलं. ठिपके आता चमकायला लागले. पाहुणे यायची वेळ झाली तशी मी खोलीचं दार लावून आतून म्हटलं, "मी ऋतूची मावशी हावो म्हणून सांगा. माय देवाले गेली म्हणा."

ऋतू दार ढकलून आत आली. मला वाटलं आता भांडेल, पण ती माझ्यासमोर फरशीवर बसली.

"आई, दुसरीत असताना बाईंनं आईचा फोटो आणाले सांगितला होता. मी पेपरातली साबणाच्या जाहिरातीतली बाई कापून नेली. पोरं लय हासले." मग थेट माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मले सुंदर माय नको वं. दिसणारी पाह्यजे."

माझ्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही ठिपक्यांना झोंबलं. पोरीने हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि मी आपली उतू न गेलेलं दूध पाहायला पळत होते. मी उठले, पदर खोचला आणि बैठकीत गेले.

बैठकीत एक नवीनच प्रकार होऊन बसला होता. पाहुण्यांना बसायला जागा कमी, म्हणून यांनी कापसाचा ढीग तुडवून सपाट केला होता आणि वर सतरंजी अंथरून मानाची बैठक तयार केली होती! "गादीपेक्षा मऊ," असं म्हणून मुधोळच्या सगळ्या मंडळींना त्यावर बसवलं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा नवरदेवाचे वडील अगदी गंभीर चेहऱ्याने भिंतीला पाठ घासत होते. काका एका पायाने दुसरा पाय खाजवत होते. पण सोयरीक नवी, बोलणार कोण? सगळे हसतमुखाने वळवळत होते.

विहीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, तिथेही दोन ठिपके उगवले होते. "ताई," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घरात कापूस भरला काय?"

"तुमच्या बुडाखालीच हाय," मी म्हटलं.

त्या आधी खुदकन हसल्या, मग खो खो हसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "खाजवा हो सगळे! कापूस होय तो! आमच्या घरी बी स्लॅबपर्यंत हाय!" झालं, सगळी बैठक मोकळेपणी दोन्ही हातांनी खाजवायला लागली.

फोटोवाला आदिलाबादचा तेलुगू मुलगा. मी ऋतूच्या बाजूला, बरोबर मधात उभी राहिले. "अम्मा, चेय्यि किंदकी!" तो ओरडला, म्हणजे हात खाली घ्या. मी हात खाली घेतला की विहीणबाईंचा वर जायचा, त्यांचा खाली आला की यांचा वर. शेवटी तो कंटाळला आणि त्याने बटण दाबलं. फोटोत सगळ्यांचे हात भलतीकडे आहेत. ऋतूने तेवढा माझा दंड घट्ट धरलेला आहे, मी पळून जाईन या भीतीने. मी काही पळणार नव्हते.

लग्नाआधी हे गावात लावायचा फ्लेक्स छापायला आदिलाबादला गेले. तिथून फोन आला. "ऐक वं. साक्षगंधाचाच फोटो टाकून राह्यलो, मोठा. हा पोरगा म्हणते, तुह्या तोंडावरचे ठिपके कंप्युटरवर काढता येतात. काढू काय?"

मी डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. मनात म्हटलं, मी जशी आहे तशी पूर्ण आहे. आणि आतून खरोखर शांत वाटलं. खाज नव्हती, झिणझिण नव्हती, नुसती शांतता.

"नको," मी म्हटलं. "ठिपके राहू द्या. जशी हावो तशी हावो."

"बरं," हे म्हणाले आणि फोन ठेवायला लागले.

"अहो थांबा, थांबा!" मी घाईघाईने ओरडले. "त्या पोराले इचारा, ठिपक्याच्या बदल्यात पोट काढून टाकता येते काय!"