रस्त्याकडे पाठ

काचवाल्याने दुकानाच्या पुढच्या भिंतीत पहिली बायको चिणलीय, अशी त्या रस्त्यावर बोलवा होती. सांगणारा आवाज खाली आणायचा, इकडेतिकडे बघायचा, "मी नाही हं म्हणत, लोक म्हणतात" असं म्हणायचा आणि स्वतःची थोडी भर घालून गोष्ट पुढे ढकलायचा. फिरत फिरत ती काचवाल्याच्या बायकोच्या कानावर आली. कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, "पहिली मीच, दुसरी झाली नाही आणि मी ही इथे बाहेर उभी आहे. पण चिणायचंच असेल तर यांना सांगा, उन्हाळ्यात चिणा. तेवढाच गारवा."

चिणलेलं कुणी नव्हतं. भिंत मात्र खरी होती आणि ती त्याने भीतीपोटी बांधली होती. (काचवाला हा लिहिणारीचा मामा, म्हणून इथून पुढे मामा.)

टेकडीवरून येणारा रस्ता नाकासमोर खाली उतरतो आणि मामाच्या उंबऱ्याशी येऊन डावीउजवीकडे फुटतो. दुकान बरोबर त्याच्या वाटेत. पूर्वी दुकानाची पुढची बाजू सगळी काचेची होती. काचवाल्याचंच दुकान ते, दुसरं काय असणार! एका संध्याकाळी दुकानातला दिवा गेला. नवा आणायला मामा स्टुलावरून उठून आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात उतारावरून ट्रक आला. चालकाला खाली नुसता अंधार दिसला. त्याला वाटलं, रस्ता सरळ पुढे जातोय. ब्रेक लागेपर्यंत ट्रक काच फोडून आत आणि पुढचं चाक स्टुलावर. मामा नवा दिवा हातात धरून आतल्या दारात उभा. "काच फुटलेली ऐकूच आली नाही," असं तो अजून सांगतो. "स्टूल मोडलेलं ऐकू आलं." सांगताना नकळत आपले गुडघे चाचपतो.

त्यानंतर त्याने पुढे भक्कम विटांची भिंत घातली, दार मागच्या बोळात काढलं. गिऱ्हाईक कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून यायला लागलं. तरी मामाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. काचेचे मोठे तुकडे भिंतीला टेकून ठेवलेले असत. वरच्या वळणाला जड गाडी लागली की ते बारीक गुणगुणत. गिऱ्हाइकाला ऐकूही येत नसे. मामा कटर खाली ठेवून एका काचेवर तळवा टेकवी, चेहरा पांढरा पडे आणि अर्धवट ओढलेली रेघ तशीच टाकून तो आतल्या खोलीत जाई.

"आला वाटतं तुमचा पाहुणा," मामी म्हणे.

"तू पण आत ये."

"मी चहा टाकते. पाहुणा आहे ना!"

हसण्यावारी नेई, पण तीही हळूच भिंतीपासून लांब सरके.

अशातच रस्त्याला नवा नियम लागला. कचेरीतून एक साहेब पाहणीला आले. नळाला पाणी येण्याआधी हवा येते तसा त्यांचा आवाज.

"म्हणजे कसं," साहेब म्हणाले, "मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीनं रस्त्याला तोंड दाखवायचं. तळमजल्याला कोरी भिंत चालणार नाही. दार रस्त्यावर हवं, निम्म्याहून जास्त भाग काचेचा हवा. रंगवलेली नको, कागद चिकटवलेला नको. म्हणजे कसं, अशा भिंतींच्या कडेनं चालायला लोक घाबरतात."

"आणि आतल्या माणसानं घाबरायचं?" मामाने विचारलं.

"आतल्यासाठी नियमात काही नाहीये."

"साहेब, हा रस्ता अंगावर येतो हो."

"सगळ्यांच्याच येतो," साहेब म्हणाले. त्यांना आवाज, धूळ वगैरे म्हणायचं होतं. "महिनाअखेरीला येतो. भिंत तशीच दिसली तर दुकानाला सील. माझ्या हातात काही नाही."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. गंमत म्हणजे याच नियमामुळे रस्त्यावरच्या प्रत्येकाला काच हवी होती आणि ती मामाकडूनच हवी होती. दिवसभर तो दुसऱ्यांची दुकानं उघडी करत हिंडे आणि परतल्यावर आपल्या भिंतीपुढे मुकाट बसे. भिंत पाडली तर ट्रक, नाही पाडली तर सील. दुकान गेलं तर मागच्या दोन खोल्याही जाणार, कारण त्या दुकानालाच जोडलेल्या. जेवताना घास हातात घेऊन थांबे. मामी म्हणे, "गिळा, तो घास काही टेकडीवरून आलेला नाही."

मग त्याला एक युक्ती सुचली. काचवाल्यालाच सुचावी अशी. भिंत तशीच ठेवायची आणि बाहेरून तिच्यावर अखंड काच बसवायची! विटांना आधी काळा रंग दिला, म्हणजे आत दुकानाचा अंधार आहे असं वाटेल. बाजूला एक लाकडी दार नुसतंच ठोकलं, न उघडणारं. काम असं बेमालूम झालं की मामीने रस्त्यावर उभं राहून काचेत केस नीट केले.

"आरसाच झालाय की हो," ती म्हणाली.

मामा खूश. तिच्या बोलण्यात काय आहे, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळ व्हायला लागली, गाड्यांचे दिवे लागले. मामा आणि मामी उंबऱ्याजवळ उभी राहून काम निरखत होती. भाचीही होती. आत ठेवलेल्या काचा आता कुणी ऐकत नव्हतं. वरून पाण्याचा टँकर आला. उतार अर्धा झाल्यावर चालकाला समोरून दोन दिवे येताना दिसले, थेट आपल्या रोखाने. ते त्याचेच होते, काचेतले. त्याने कर्णा दाबून धरला. समोरचा बाजूला होईना. त्याने दिव्यांची उघडझाप केली, समोरच्यानेही केली. मग ब्रेक किंचाळले, टँकर तिरपा झाला, आतलं पाणी डचमळून त्याला आणखी पुढे ढकलू लागलं. मामाचे पाय जमिनीला चिकटले. मामीने एका हाताने त्याला आणि दुसऱ्याने भाचीला खेचलं. टँकर उंबऱ्याला टेकून थांबला, इतका जवळ की त्याच्या श्वासाने काच धुरकटली.

चालक उतरला, त्याची बोबडी वळली होती. "तो... तो समोरचा कुठे गेला?"

मामा काचेकडे बघत होता. काचेत टँकरचे दिवे जळत होते, त्यांच्या उजेडात तो स्वतः.

"मीच बोलावला याला," तो पुटपुटला. मग म्हणाला, "तेव्हाही दिवा नव्हता म्हणूनच ट्रक आत आला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने काच उतरवली आणि घण हातात घेतला. पहिला घाव विटेवर पडायच्या ऐवजी चौकटीवर पडला. मामीने घण मागितला, त्याने दिला नाही.

भिंतीच्या जागी काच आणि उघडणारं दार बसलं, तेव्हा भाचीला राहवलं नाही. "मामा, पैज. आठ दिवसांत तू इथे पडदा लावशील."

"लावला तर तू म्हणशील ते."

"आणि नाही लावला तर?"

"तर बाहेरून काच तू पुसायचीस. संध्याकाळची, दिवा लावायच्या आधी. अंधारात डाग दिसत नाहीत."

महिनाअखेरीला साहेब आले, "म्हणजे कसं, छान," म्हणाले आणि गेले. पडदा लागला नाही. काचेमागे नवं स्टूल आलं आणि मामा त्यावर उताराकडे तोंड करून बसू लागला. धीट झाला असं कुणी समजू नये. काचा गुणगुणल्या की त्याची मान अजून ताठ होते, कटर हवेत थांबतं. पण अंधारायच्या आत तो मोठा दिवा लावतो आणि लांबवरून गाड्या वेग कमी करतात. ते त्याला बसल्या जागी दिसतं.

पैज हरलेली भाची रोज उताराकडे पाठ करून काच पुसते. दिवा लागेपर्यंत तिच्या डोक्यामागचा सगळा रस्ता त्या काचेत दिसतो आणि वरच्या वळणावर दोन ठिपके उजळतात.

"मामा, दिवा! दिवा लाव ना रे!"

"लावतो गं," आतून तो सावकाश म्हणतो. "तो कोपरा राहिलाय बघ."