ढब्बी, बुटकी आणि पिवळं घर

रंगाऱ्याच्या नाकानं राजीनामा नेमका कधी दिला, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. वीस-बावीस वर्षं थिनर, टर्पेंटाइन आणि ऑइल पेंटात काढल्यावर नाक तरी बिचारं किती दिवस नोकरी करणार? आधी साबणाचा वास गेला, मग उतू गेलेल्या दुधाचा, मग सगळाच कारभार आटोपला. त्यानं कधी मनावर घेतलं नाही. रंगाऱ्याला डोळे हवेत आणि मनगट हवं, नाक घेऊन काय करायचंय! भिंतीवरून नुसती नजर फिरवून कुठं पुट्टी कमी पडलीय ते तो सांगायचा, आणि खिडकीची चौकट रंगवताना काचेवर थेंबभरही रंग सांडायचा नाही.

बायको गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. सगळे तिला मुंगी म्हणायचे, इतकी लहानखुरी. दिवसभर परांचीवर उभं राहणाऱ्या एकट्या माणसानं एवढंसं पोर सांभाळायचं कसं? सासूबाई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "जरा मोठी होईपर्यंत." ते 'जरा' सहा वर्षं लांबलं. सुट्टीत मुंगी यायची, पण दोन दिवसांत खोकून खोकून बेजार व्हायची. पलंगाखाली रंगाचे डबे, मोरीत भिजत घातलेले ब्रश, दाराआड थिनरचा कॅन. सासूबाई म्हणायच्या, "अहो, हे घर आहे की गोदाम? पोरीच्या छातीला सोसत नाही हा वास."

"कुठं येतोय वास?" हा म्हणायचा. आणि त्याला खरंच वाटायचं, की म्हातारी पोरीला न्यायला निमित्त शोधतेय.

यंदा म्हातारीच्या गुडघ्यांनीच दगा दिला. तिचा फोन आला. "माझ्यानं आता होत नाही. मुंगीची तयारी असेल तर शाळा सुरू व्हायच्या आत तिला कायमची तुमच्याकडे आणून सोडते. पण जबरदस्ती नाही करायची. तिला विचारा."

त्यानं विचारलं. विचारताना फोन दोनदा या कानावरून त्या कानावर गेला. मुंगीनं अट घातली. म्हणाली, "गिनीपिग आणलेस तर येईन. दोन आण. एकटं असलं की ते खंगतं."

झालं! दुसऱ्या दिवशी गडी कामावर खाडा करून प्राण्यांच्या दुकानात हजर. एक तपकिरी, चांगली गोलमटोल. एक पांढरी, कानावर काळा डाग, हाडं मोजून घ्यावीत अशी. दुकानवाली बाई बोलकी होती. तिनं बजावून सांगितलं, "हे भित्रे जीव आहेत दादा. पहिले काही दिवस हात लावायचा नाही. लपायला एक घर द्या, आणि शेजारी गप बसा. वरून हात घालू नका, शिकारी पक्षी आला असं वाटतं त्यांना. तुमची सवय होऊ द्या." मुंगीनं फोनवरच बारसं केलं. तपकिरी ती ढब्बी, पांढरी ती बुटकी.

आता या माणसाचं काय काय झालं ते ऐका. आधी त्यानं घर रिकामं केलं. डबे, ब्रश, शिडी, पुट्टी ओढायच्या पत्र्या, सगळं कामाच्या जागेवरच्या खोलीत नेऊन टाकलं. फरशी तीनदा धुतली. पण वास गेला की नाही हे कळणार कसं? म्हणून त्यानं जोडीदाराला घरी आणलं. हा जोडीदार त्याच्याबरोबर पंधरा वर्षं भिंती घासत होता, पण सुताराचा मुलगा असल्यानं रंधाही चालवायचा, आणि त्याचं नाक अजून शाबूत होतं.

"घे वास," रंगारी म्हणाला.

"कसला?"

"घराचा. कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन घे."

जोडीदारानं इमानदारीत पलंगाखालीसुद्धा डोकं घातलं. "साबणाचा येतोय. बाकी काही नाही. पण मला एक सांग, लोक घुशी मारायला औषध घालतात आणि तू दोन विकत आणल्यास?"

"घुशी नाहीत त्या."

"दात तर तसेच दिसतात." असं म्हणाला खरा, पण दोन दिवसांनी त्यानंच पिंजऱ्यात मावेल असं फळ्यांचं छोटं घर ठोकून आणून दिलं. त्याला दोन दारं ठेवली, म्हणजे एकीनं अडवलं तर दुसरीला पळता येईल.

आणि त्या दोघी त्या घरात ज्या शिरल्या, त्या शिरल्याच. चार दिवस रंगाऱ्याला नुसतं गवत हललेलं दिसायचं. संध्याकाळी कामावरून आला की तो आधी अंघोळ करायचा, नखं घासायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि पिंजऱ्याशेजारी फरशीवर बसायचा. गप बसायला सांगितलं होतं, पण गप बसून बसून त्याला कसंतरी व्हायला लागलं, म्हणून हळू आवाजात बोलायचा. बोलणार काय? आज कुणाच्या जिन्याला रंगाचा दुसरा हात दिला, मालकिणीनं रंग कसा तीनदा बदलायला लावला. सहा वर्षांत त्या घरात इतकं कुणी बोललं नव्हतं. बायको गेल्यावर तिच्याबद्दल तो कुणाजवळ चकार शब्द बोलला नव्हता, तेही एका संध्याकाळी गिनीपिगांना सांगून झालं.

सातव्या दिवशी बुटकीनं नाक बाहेर काढलं. ढब्बी मात्र पक्की धूर्त, बुटकीला पुढं घालून मागून बघायची. दहाव्या दिवशी त्यानं तळहातावर ढोबळी मिरचीचा तुकडा धरला आणि हात फरशीला टेकवून अर्धा तास तसाच बसला. हाताला मुंग्या आल्या तरी हलवला नाही. ढब्बी आली, तुकडा ओढून पळाली. या बाबानं लगेच फोन लावला. "मुंगे, ढब्बीनं हातातून खाल्लं!" पलीकडून पोर अशी किंचाळली, की सासूबाई धावत आल्या.

मग रोज संध्याकाळी फोन. तीन आठवड्यांत पिशवीचा नुसता आवाज झाला तरी दोघी शिट्ट्या मारायला लागल्या होत्या. बुटकी त्याच्या मांडीवर बसून अंगात बारीक घरघर करायची, ती त्याला पोटापर्यंत जाणवायची. आणि यायला तीन दिवस उरले असताना मुंगीनं विचारलं, "बाबा, त्यांच्या घराचा रंग कोणता आहे रे?"

आता रंग कुठला? कोऱ्या फळ्या होत्या. पण रंगाऱ्याच्या घरात कोऱ्या फळ्या असं पोरीला कसं सांगायचं? "पिवळा," तो म्हणून गेला.

"खरंच? माझा आवडता?"

"मग! म्हणून तर दिला."

एवढंच. एवढ्याशा थापेनं घात केला.

शनिवारी, मुंगी यायच्या आदल्या दिवशी, त्यानं अर्धा दिवस सुट्टी घेतली. दोघींना खोक्यात घालून स्वयंपाकघरात ठेवलं. लिंबासारखा पिवळा ऑइल पेंट, चांगल्यातला चांगला, झटपट सुकणारा. आधी पॉलिश पेपर मारला, मग अस्तर, मग एक हात, आणि थोडं सुकल्यावर दुसरा. बाहेरूनच नाही, आतूनसुद्धा, कारण अर्धं काम त्याला कधी जमलंच नाही. बाहेर वारा सुटला होता. ओल्या रंगाला सगळ्यात मोठा शत्रू धूळ, हे त्याच्या हाडात भिनलेलं, म्हणून त्यानं सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि दाराच्या फटीला फडकं लावलं. आपण तीन आठवडे काय जपलं होतं, ते त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. वास त्याला येत नव्हता, म्हणजे वास नव्हता. संध्याकाळी बोट लावून पाहिलं, रंग चिकटत नव्हता. त्यानं घर पिंजऱ्यात ठेवलं, ताजं गवत पसरलं आणि दोघींना आत सोडलं. दोघी दारातच थबकल्या, मागं सरकल्या.

"अगं जा, तुमचंच आहे," म्हणत त्यानं त्यांना हलकेच आत ढकललं आणि पिंजऱ्यावर चादर घातली.

रविवारी सकाळी चादर काढली तेव्हा शिट्टी आली नाही. त्यानं घर उचललं. ढब्बी कुशीवर पडली होती, पाय ताठ. बुटकी तिच्या अंगाला चिकटून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. त्याला काही सुचेना. वारं लागेल म्हणून त्यानं खिडकी तर उघडली नाहीच, उलट बुटकीला सदऱ्यात गुंडाळून छातीशी धरलं. काय चुकलं? गवत जुनं होतं का? मिरची जास्त झाली का? तो तसाच फरशीवर बसून राहिला, आणि दारावर थाप पडली.

दार उघडल्या उघडल्या सासूबाईंनी नाकावर हात दाबला. "अगं बाई! केवढा हा वास!"

मुंगी त्यांच्या बाजूनं आत घुसली होती. दोन पावलांत तिला खोकला लागला. सासूबाईंनी दुखऱ्या गुडघ्यांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. "काय रंगवलंत काय तुम्ही? डोळे चुरचुरतायत!"

रंगारी पिवळ्या घराकडे बघत राहिला. त्याला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं.

मुंगीनं पिंजऱ्यात पाहिलं. ती रडली नाही, हेच वाईट झालं. तिनं त्याच्या हातातून बुटकीला घेतलं आणि गॅलरीत मोकळ्या हवेत जाऊन बसली. बऱ्याच वेळानं बुटकीची धाप जरा कमी झाली. रंगारी दारात उभा होता, गॅलरीत पाय टाकायची त्याची हिंमत होत नव्हती.

"बाबा, तुला खरंच वास आला नाही?"

"नाही गं, राणी. मला येतच नाही. खूप वर्षं झाली."

"आजिबात नाही?"

"आजिबात नाही."

मुंगी बुटकीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं वर पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "मग रात्री गॅस सुटला तर तुला कसं कळेल?"

सासूबाई दुसरीकडे बघायला लागल्या. त्यानं काहीतरी बोलायला हवं होतं, जोडीदाराला रोज बोलावेन, गॅस सुटला की वाजणारं यंत्र बसवून घेईन, काहीही. पण पोरीनं विचारलं होतं ते खरं होतं, आणि पिंजऱ्यात मेलेली ढब्बी असताना माणूस कुठल्या तोंडानं वचन देणार?

"आजी, आपल्याकडचे डॉक्टर बुटकीला बघतील ना?" मुंगीनं विचारलं.

"बघतील, बाळा. चल."

"बाबा, मी सुट्टीत भेटायला येईन. बाहेर भेटू आपण."

"हो. बाहेर भेटू," तो म्हणाला.

सासूबाईंना जिना उतरायलाच नाकी नऊ येत होते, मुंगीच्या दोन्ही हातांत बुटकीचं खोकं होतं. दाराशी ठेवलेली बॅग त्यानंच उचलली आणि खाली गाडीपर्यंत नेली. एका सुट्टीसाठी ती फार जड होती. पोरीनं आपले सगळे कपडे भरून आणले होते.