पहिला सभासद

माँटेव्हिडिओच्या आल्बोराडा फुटबॉल क्लबात जुना सभासद वारला की मागच्यांचे क्रमांक एकेकाने पुढे सरकतात. ओलेगारियो गेला आणि इतकी वर्षं दुसरा असलेला फर्मिन पहिला झाला. रविवारी नवं कार्ड द्यायला त्याला मैदानात बोलावलं.

"आजोबा, आपल्या एकुलत्या अजिंक्यपदाचा गोल पाहिलेले आता तुम्हीच उरलात," सेक्रेटरी ग्रासिएला माइक पुढे करत म्हणाली. "सांगून टाका, डोक्यानं मारला की खांद्यानं?"

फर्मिन डोक्यानं म्हणायचा, ओलेगारियो खांद्यानं. "अरे आंधळ्या, तू तेव्हा सॉसेज खात होतास!" असं ओरडत ओलेगारियो त्याच्या हातातला माटेचा कडू काढा ओढून स्वतःच संपवायचा. दोघांचे सगळे रविवार त्या भांडणात गेले होते.

"डोक्यानं," फर्मिन म्हणाला.

टाळ्या पडल्या. तो थांबला. एवढ्या गर्दीत एकानं तरी 'खोटं' म्हणून ओरडावं, असं त्याला फार वाटत होतं. कुणीच ओरडेना, तेव्हा त्यानं माइक पुन्हा ओढला.

"नाही. खांद्यानंच होता."

टाळ्या तेवढ्याच पडल्या.

"चला, मिटला एकदाचा वाद," ग्रासिएला हसून म्हणाली आणि तिनं त्याच्या हातात कार्ड ठेवलं.